सात नंबरचा पिलर आणि हौसेराव सपकाळ

हौसेराव सपकाळ माणूस बघितला की त्याचं वजन सांगायचे. मी आमच्या सोसायटीचा नवा नवा सेक्रेटरी झालो होतो, तेव्हाची गोष्ट. सभेची नोटीस घेऊन तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर किलो. त्यातलं धा-बारा पोटाचं." मग नोटीस घेतली, सही केली आणि दार लावून घेतलं. घरी येऊन मी काट्यावर उभा राहिलो. साडेअठ्ठ्याहत्तर निघालं. अर्धा किलो कमी सांगितला याचं समाधान मानावं की अपमान झाला म्हणून चिडावं, हे काही ठरेना. शेवटी मी चिडलो. माझा स्वभावच तसा आहे. अरुणाला, म्हणजे माझ्या बायकोला विचारा.

वजन ओळखणं हा त्यांचा धंदाच होता. जावळी तालुक्यातल्या एका वाडीतून ते सतराव्या वर्षी मुंबईत आले आणि दाणाबाजारात माथाडी झाले. माथाडी म्हणजे पाठीवर, डोक्यावर माल वाहणारा. पुढे बाजार वाशीला आला, तसे तेही खाडी ओलांडून इकडे आले आणि कोपरखैरण्यात आमच्या इमारतीत त्यांनी एक खोली-स्वयंपाकघराचं घर घेतलं. शंभर किलोचं साखरेचं पोतं पाठीवर घेऊन ट्रकच्या फळीवरून ते असे उतरत, म्हणे, की बघणाऱ्याला वाटावं रिकामेच उतरताहेत. शेवटची पंधरा वर्षं ते टोळीचे मुकादम होते. टोळीचा नियम साधा असतो. आपलं पोतं आपण उचलायचं नाही. दोघांनी उचलून द्यायचं, तिसऱ्यानं पाठ द्यायची. एवढं मोठं बाजारपेठेचं राज्य या एका नियमावर चालतं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. मी पस्तीस वर्षं विमा कंपनीत कारकुनी केली. आमच्याकडे प्रत्येक जण आपलं पोतं दुसऱ्याच्या टेबलावर सरकवायचा.

त्यांना मुलगा एकच, इंद्रजित. तो नऊ-दहा वर्षांचा असताना सुट्टीत बापाबरोबर बाजारात गेला आणि हौसेनं कांद्याच्या गोणीखाली वाकला. हौसेरावांनी भर गाळ्यात त्याच्या कानाखाली आवाज काढला. "माज्या पोराच्या पाठीवर कायबी चढायचं न्हाई," असं त्यांनी त्या दिवशी सगळ्या टोळीदेखत सांगून टाकलं. आणि ते नुसतं बोलणं नव्हतं. पोरगा सातवीत जाईपर्यंत त्याचं दप्तर हौसेराव स्वतः खांद्याला लावून शाळेच्या फाटकापर्यंत नेत. एवढा धिप्पाड माणूस आणि पाठीला ते कार्टूनचं चित्र असलेलं दप्तर! सगळी सोसायटी हसायची. मीही हसायचो, खोटं कशाला बोलू? इंद्रजित शिकला. द्रोणागिरीला कंटेनरच्या गोदामात तो आता एसी केबिनमध्ये कॉम्प्युटरपुढे बसतो आणि तिथंच लिफ्ट असलेल्या इमारतीत राहतो. त्याच्या पाठीला खुर्चीशिवाय काही लागलेलं नाही.

चार वर्षांपूर्वी हौसेरावांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांच्या जुन्या टोळीतले पाच जण आले आणि आलटून पालटून पाठीवर घेऊन त्यांनी मुकादमाला तिसऱ्या मजल्यावर पोचवलं. तेव्हा हौसेरावांनी हूं का चूं केलं नाही. टोळीनं उचललेलं ओझं कुणा एकाच्या अंगावर नसतं, असं ते म्हणायचे. त्या दिवसापासून ते खाली उतरले नव्हते. खाडीच्या बाजूच्या भिंतीला त्यांची खाट, खाटेच्या उशाशी इमारतीचा खांब आणि उशापायथ्याशी सत्यभामावहिनी, म्हणजे त्यांची बायको. एवढं त्यांचं जग.

आता माझ्या मूर्खपणाकडे येतो.

आमच्या इमारतीला तीस वर्षं होऊन गेली. तीस वर्षं झाली की स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं, म्हणजे इंजिनीअरकडून इमारतीची तब्येत तपासून तसा दाखला महापालिकेला द्यावा लागतो. नोटीस आली, इंजिनीअरची तारीख ठरली. आणि मी काय केलं? आपल्याकडे मुलगी बघायला पाहुणे येणार म्हटलं की घर आवरतात, नवे पडदे लावतात. मी इमारतीचं तेच केलं. कमिटीपुढे ठराव मांडला, एकमतानं पास झाला. जिन्यातले, बाहेरचे आणि खाडीच्या बाजूच्या प्रत्येक घरातले तडे पुट्टी भरून बुजवले आणि वरून रंगाचा हात मारला. चार पाहुण्यांसमोर सोसायटीची शोभा नको, एवढाच विचार होता, असं मी तेव्हा म्हणत होतो. आज कबूल करतो, मनात आणखी एक विचार होता. तडे कमी दिसले तर रिपोर्टही हलका येईल, सगळं निभावून जाईल. डॉक्टरकडे जाताना गालाला लाली लावून जाणारा रोगी मीच.

एकाच घरानं पेंटरला आत घेतलं नाही. हौसेरावांनी खाटेवरूनच त्याला सांगितलं, "तेवढं राहू दे. मला त्याच्याकडं बगायचं असतंय." पेंटर परत आला. मी संतापलो आणि 'सोसायटीच्या कामात सहकार्य न केल्याबद्दल' असं एक पत्र जावक क्रमांक घालून त्यांना पाठवलं. उत्तर आलं नाही.

ऑडिटला आलेली इंजिनीअर श्रुती सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी होती. डोक्यावर हेल्मेट, हातात छोटी हातोडी. पहिल्या मजल्याच्या जिन्यात पाऊल टाकताच तिनं नाक वर करून वास घेतला.

"काका, रंग कधी दिला?"

"गेल्याच आठवड्यात," मी छाती काढून म्हणालो.

तिचा चेहरा पडला. "मग रंगाखालचं मला दिसणार कसं? सगळं खरवडावं लागेल आता."

ती हातोडीनं खांबांवर टकटक करत चालली आणि मी फाइल घेऊन मागून. असं करत आम्ही तिसऱ्या मजल्यावर आलो. हौसेरावांच्या खाटेजवळ गेली आणि ती एकदम थांबली.

खांबाला उभी चीर होती. जमिनीपासून वीतभर वर सुरू होऊन पार छताच्या दिशेनं गेलेली. आणि त्या चिरेच्या कडेनं पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या. प्रत्येक रेघेपुढे वहिनींच्या गोल, शाळकरी अक्षरात महिन्याचं नाव. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. खालच्या रेघा हौसेरावांच्या, डाव्या हातानं ओढलेल्या, वाकड्यातिकड्या. त्यांचा हात पुरेना तिथपासून वरच्या रेघा वहिनींच्या, स्टुलावर चढून.

"हे कुणी केलं?" श्रुतीनं विचारलं.

"म्याच," हौसेराव म्हणाले. "पडल्या पडल्या करायचं काय? दर अवसंला चीर कुठवर आली ती बगायची आन रेघ मारायची. बाजारात पोती मोजायला भितीवर रेघा मारायचो, तसंच."

श्रुती बोटांवर महिने मोजू लागली. इंग्रजी महिन्यांशी मेळ घालताना मध्येच अडली. "हे काय? अधिक?"

"धोंड्याचा म्हैना, बाई," वहिनी म्हणाल्या. "दोन वर्सामागं पावसाळ्यात आलता बगा. त्या म्हैन्यात लई वाडली हुती."

श्रुतीनं सगळ्या रेघांचे फोटो काढले, टेपनं अंतरं मोजली. मग चिरेच्या बाजूला हातोडी मारली. इतर खांब खणखणीत बोलले होते. हा भद्द बोलला. तिनं मला समजावून सांगितलं. खाडीचा खारा वारा वर्षानुवर्षं आत मुरतो, आतल्या सळ्या गंजतात, गंजलेली सळई फुगते आणि वरचं सिमेंट बाहेर ढकलते. ते सगळीकडेच थोडंफार होतं. पण हा, तिच्या नकाशातला सात नंबरचा पिलर, गेल्या आठ महिन्यांत आधीच्या तीन वर्षांएवढा फाटला होता.

"आबा, तुम्ही माझं काम केलंत," ती हौसेरावांना म्हणाली. "अख्ख्या बिल्डिंगमध्ये खरं सांगणारा हा एकच पिलर आहे." माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. तेवढं तरी तिनं सांभाळलं.

तिथून ती सरळ पहिल्या मजल्यावर आमच्या घरी आली. हाच खांब आमच्याही खोलीतून खाली जातो. तिनं पत्र्याची पट्टी घेऊन माझा नवा रंग खरवडला, पुट्टी भुकटी होऊन गळाली आणि आत बोट शिरेल एवढी चीर दिसली. त्या खांबाला टेकून माझ्या नातीची, सईची खाट होती. अरुणा माझ्याकडे बघत राहिली. मला शरम वाटली. इतकी शरम मला उभ्या नोकरीत कधी वाटली नव्हती.

रिपोर्ट आला. इमारत पाडायची गरज नव्हती, दुरुस्ती होण्यासारखी होती. पण सात नंबरच्या पिलरचं काम ताबडतोब. आधी तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत प्रत्येक घरात, या खांबाच्या दोन्ही अंगांना लोखंडी टेकू उभे करायचे, एकाखाली एक, म्हणजे वरचा भार त्यांच्यावर येईल. मग खांबाचं सडलेलं सिमेंट फोडायचं, सळ्या साफ करायच्या, नवं जाड आवरण घालायचं. तीन महिन्यांचं काम. एका जरी मजल्यावर टेकू लागले नाहीत, तर सगळं अडलं. आणि तिसऱ्या मजल्यावर टेकूंची जागा बरोबर हौसेरावांच्या खाटेवर येत होती. घर एका खोलीचं, खाट हलवून ठेवणार कुठं? शिवाय फोडकामाची धूळ. त्यांना तीन महिने द्रोणागिरीला इंद्रजितकडे जाणं भाग होतं.

म्हणजे बघा. चीर बुजवणारा मी घरातच राहणार होतो, आणि खांबाचं खरं सांगणाऱ्यालाच घर सोडावं लागत होतं.

जायला हौसेरावांची ना नव्हती. प्रश्न जिन्याचा होता. आमचा जिना दीड माणसाचा. ॲम्ब्युलन्सवाले आले, स्ट्रेचर वळणावर फिरेना म्हणून निघून गेले. रिकामी खुर्ची चौघांनी धरून उतरवून पाहिली, ती दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकली आणि सोडवताना तिचा हात मोडला. उरली एकच तऱ्हा, एका माणसाच्या पाठीवर.

"मी घेतो आबांना," इंद्रजित म्हणाला.

हौसेरावांनी तोंड भिंतीकडे केलं. "तुज्या पाठीवर न्हाई."

"अहो आबा, दहा मिनिटांचं काम आहे."

"धा मिनिटं असूंदे न्हाईतर एक. तुज्या पाठीवर न्हाई म्हंजे न्हाई."

वहिनींनी सांगून पाहिलं, मी सांगून पाहिलं. मी तर नियम दाखवले. ते बधले नाहीत. जुन्या टोळीतले दोघे गावी गेलेले, एक वारलेला, दोघांच्या कमरा कामातून गेलेल्या. शेवटी हौसेरावांनी स्वतःच बाजारातल्या आताच्या मुकादमाला फोन लावला आणि दोन तरणी पोरं रविवारी पाठव म्हणून सांगितलं. टोळीची माणसं असतील तर त्यांची हरकत नव्हती. टोळीबाहेरचा परका नको, आणि मुलगा तर नकोच.

रविवार आला. खाली आवारात टेकूंची चळत लागली होती. कामगारांनी सकाळीच तळमजला, पहिला, दुसरा असे टेकू उभे करत आणले आणि ते तिसऱ्या मजल्याच्या दारात येऊन थांबले. इंद्रजित गाडी घेऊन आला, श्रुती आली. दहा वाजले, अकरा वाजले, पोरांचा पत्ता नाही. मग बाजारातून त्या मुकादमाचा फोन आला. आंब्याचा सीझन, पेट्यांचे ट्रक रस्त्यापर्यंत लागलेले, एकही माणूस सुटण्यासारखा नाही. पुढच्या रविवारी नक्की पाठवतो, म्हणाला.

"मग फुडच्या रविवारी," हौसेराव म्हणाले. त्यांना हायसं वाटल्यासारखं दिसलं.

इंद्रजित खाटेजवळ गेला, बापाकडे पाठ केली आणि वाकला. तसाच वाकून उभा राहिला. चाळिशीचा माणूस, केस कानशिलांवर पांढरे व्हायला लागलेले. हौसेरावांनी त्या पाठीकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

"आबा," श्रुती खाटेच्या कडेवर बसत म्हणाली, "पुढच्या रविवारपर्यंत हा पिलर उभा राहील का, हे मला सांगता येत नाही. कदाचित आठ महिने राहील. कदाचित आठ दिवस नाही राहणार. मी तसं लिहून देऊ शकत नाही."

"चार वर्सं मी हितंच झोपतोय."

"तुम्ही झोपता, पण खाली अजून तीन घरं आहेत."

हौसेरावांनी मान वळवून उशाजवळच्या चिरेकडे पाहिलं. मग त्यांनी मला विचारलं, "सेक्रेटरीसाहेब, तुमच्यात या पिलरापाशी कोन झोपतं?"

"सई," मी म्हणालो. "माझी नात. पाच वर्षांची. आता आठ दिवस तिला स्वयंपाकघरात निजवतोय. पण खांबच गेला तर स्वयंपाकघर काय आणि..."

"किती किलोची?"

"एकोणीस."

"मी तिला कवा बगितलीच न्हाई," ते म्हणाले. खरंच होतं ते. ती चालायला लागायच्या आधीपासून ते वर होते, आणि आम्ही तिला कधी वर नेली नव्हती.

इंद्रजित अजून तसाच वाकलेला होता.

"इंद्रजित," हौसेराव म्हणाले. "बूट काड. मोजं बी काड. जिना अनवानी उतरायचा असतो."

मग मात्र खाटेवरचा आजारी माणूस मुकादम झाला. उचलून द्यायला दोघं लागतात. डाव्या बाजूला सत्यभामावहिनी उभ्या राहिल्या. चार वर्षं त्या रोज त्यांना उचलत होत्या, त्यांना शिकवायची गरज नव्हती. उजवीकडे मी. मला पुष्कळ शिकवावं लागलं.

"कमरंतनं न्हाई, सायेब, गुडघ्यातनं. खाली बसा. श्वास सोडत उचला. आन माज्या तोंडाकडं बगू नका, त्याच्या पाठीकडं बगा. वजा तिकडं द्यायचा हाय." वजा म्हणजे ओझं. स्वतःला ते वजा म्हणत होते.

पहिल्यांदा मी चुकलो, त्यांचा लुळा हात माझ्या हातातून निसटला. ते ओरडले नाहीत. "परत," एवढंच म्हणाले. दुसऱ्या वेळी जमलं. वहिनींनी त्यांना सुताच्या चादरीनं मुलाच्या पाठीशी बांधलं आणि गाठ दोनदा ओढून बघितली. इंद्रजित उभा राहिला. त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या.

"सेक्रेटरीसाहेब, तुमी फुडं व्हा, उलटं उतरा. त्यो पडला तर तुमच्यावर पडू दे. तेवडंच त्या वजनाचं सार्थक." इतक्या वेळात पहिल्यांदा कुणीतरी हसलं. मी सोडून सगळेच हसले.

आम्ही निघालो. हौसेराव मुलाच्या कानाशी बोलत होते, न थांबता, हळू आवाजात. "पायरी. पायरी. घाई न्हाई. टाच आधी टेकव. आता वळान आलं, डावा पाय आत घे. भितीला खांदा लाव, भित आपलीच हाय. पायरी." दुसऱ्या मजल्यापर्यंत इंद्रजित बरा होता. त्याच्या पुढच्या वळणावर त्याचे गुडघे थरथरायला लागले. घाम नाकावरून टपकत होता. मी उलटा उतरत होतो आणि मला त्याचे दोन्ही डोळे दिसत होते. त्यात दुखणं नव्हतं. भीती होती, बापाला सांडू की काय याची.

"टेकव," हौसेराव म्हणाले. "टेकवण्यात कमीपना न्हाई."

समोर आमचं दार होतं. अरुणानं ते उघडून धरलं. इतकी वर्षं एका जिन्यावर राहून हौसेराव त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या घरात आले. आम्ही त्यांना टेकूंच्या शेजारी खुर्चीत बसवलं. अरुणानं पाणी आणलं. सई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. हौसेरावांनी तिला डोळ्यांनी जोखलं.

"एकोनीस न्हाई, एकवीस," ते म्हणाले. "आजोबाला म्हनावं, काटा बदला."

मग त्यांची नजर खांबावर गेली. खरवडलेला रंग, खाली पडलेली माझी पुट्टी, उघडी चीर.

"सपकाळ," मी म्हणालो, "ते मी बुजवलं होतं. मुद्दाम. रिपोर्ट चांगला यावा म्हणून."

"म्हायती हाय. तुमचा पेंटर माज्याकडं बी आलता. तुमचं पत्र हाय माज्याकडं, जावक नंबरासकट." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "पोतं फाटलेलं दिसलं की आमी त्यावर हात ठिवत न्हाई, सायेब. वरडून सांगतो. मागच्या मानसाच्या पायाखाली दाणं आलं तर त्यो घसरतोय."

रागावून नाही बोलले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. मी मान खाली घातली आणि त्यांना पुन्हा उचलून द्यायला गुडघ्यावर बसलो. या वेळी मला काही सांगावं लागलं नाही.

शेवटचा मजला सोपा गेला. आवारात कडुनिंबाखाली प्लास्टिकची खुर्ची मांडली होती. वहिनींनी गाठ सोडली, आम्ही दोघांनी त्यांना उतरवून घेतलं. चार वर्षांनी त्यांच्या पायांना जमीन लागली. त्यांनी ना झाडाकडे पाहिलं, ना इमारतीकडे. इंद्रजित गुडघ्यांवर हात ठेवून वाकून धापा टाकत होता, त्याच्याकडेच ते बघत होते. वर तिसऱ्या मजल्यावर कामगार आत शिरले असावेत, खाट ओढल्याचा आणि मग लोखंड लोखंडावर आपटल्याचा आवाज आला.

"हिकडं ये," हौसेराव म्हणाले. "बस खाली. पाठ कर माज्याकडं."

इंद्रजितला कळेना. तरी तो बापाच्या पायाशी जमिनीवर बसला. हौसेरावांनी डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि त्याची पाठ चोळायला सुरुवात केली. मानेपासून खाली, मणक्याच्या कडेकडेनं, अंगठा रुतवत. उजवा हात मांडीत पडून होता.

टोळीत नव्या माणसानं पहिलं ओझं वाहिलं की मुकादम स्वतःच्या हातानं त्याची पाठ चोळतो, असं वहिनींनी मला हळूच सांगितलं आणि पदरानं डोळे पुसले. किती जणांच्या पाठी या हातानं चोळल्या असतील. ही एवढी एक पाठ त्यांनी चाळीस वर्षं राखून ठेवली होती.

"दुखत नाहीये, आबा," इंद्रजित म्हणाला.

"दुखंल," हौसेराव म्हणाले. "उद्या सकाळी दुखंल." आणि ते चोळत राहिले.